देणेकरी गुजरातचा, कोर्ट डहाणूचं

डहाणू तालुक्यातल्या घोलवडच्या बागायतदाराने वापीच्या व्यापाऱ्याला उधारीवर चिकू दिला आणि त्याचा चेक वटला नाही, असं समजा. ‘आता गुजरातेत खेटे कोण घालणार?’ म्हणून त्याने पैशांवर पाणी सोडायची गरज नाही. दावा कुठे चालणार हे बहुतेकदा व्यवहार कुठे झाला यावर ठरतं. मध्ये राज्याची सीमा आली तरी.

आधी चेक. 1 ऑगस्ट 2014 रोजी ‘दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, चेक ज्या बँकेवर काढला, तक्रार तिथल्या कोर्टात करायची. म्हणजे घोलवडकराला वापीची वाट धरणं आलं. 2015 च्या कायदादुरुस्तीने हे फिरवलं. चेक आपल्या खात्यात भरला असेल, तर आपली शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत, तिथेच तक्रार होते. मुदती मात्र कडक आहेत: चेक परतल्याचं कळल्यावर 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर देणेकऱ्याला 15 दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार.

चेकच नसेल, तर वसुलीचा दिवाणी दावा; मुदत साधारण 3 वर्षं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 नुसार प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा दाव्याचं कारण अंशतः जरी घडलं तिथे तो लावता येतो. सौदा घोलवडला ठरला, माल बागेतून उचलला, तर डहाणूत दाद मागता येते. करारात ‘वाद फक्त वलसाडच्या न्यायालयात’ अशी ओळ असेल आणि खाली आपली सही असेल, तर मात्र ती अंगाशी येऊ शकते.

जमिनीला अशी निवड नाही. कलम 16 सांगतं, जमीन जिथे, दावा तिथे. पण हद्दच वादात असली तर? तलासरीतलं वेवजी आणि गुजरातच्या उंबरगाव तालुक्यातलं सोळसुंबा यांच्यात तसा वाद झालेला आहे. दोन खाजगी पक्षकारांच्या अशा पेचासाठी कलम 18 आहे: हद्द अनिश्चित असल्याची नोंद करून दोन्हींपैकी कुठलंही एक कोर्ट दावा चालवू शकतं. राज्याराज्यांतलं भांडण मात्र घटनेच्या कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात जातं.

उधारीच्या दाव्यात समन्स गुजरातेतल्या कोर्टामार्फत बजावता येतं. खरी दगदग निकालानंतरची. व्यापाऱ्याची मालमत्ता गुजरातेत असेल, तर हुकूमनामा कलम 39 खाली तिकडच्या कोर्टाकडे पाठवून वसुली करावी लागते. वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर आदिवासी पक्षकारांना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. त्याच्याकडे जाताना पावत्या न्याच. शिवाय देणेकऱ्याचं गोदाम कुठे, खातं कुठल्या बँकेत, हेही लिहून न्या.