थायरॉइडची प्रतिपिंडे : आकड्याआधी नाव वाचा

सिंगापुरातल्या मराठी घरात रक्ताचा रिपोर्ट आला आणि ‘अँटी-टीपीओ’समोर मोठा आकडा दिसला, की लगेच पुण्या-नाशिकला फोन जातो. काळजी वाटणारच. पण आकड्याच्या आधी प्रतिपिंडाचे नाव पाहावे.

दोन नावे, दोन आजार

प्रतिपिंडे जंतूंशी लढण्यासाठी असतात. ती आपल्याच ग्रंथीवर उलटली की स्वयंप्रतिकार आजार होतो. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या आजारात थायरॉइड हळूहळू निकामी होते. त्याच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत अँटी-टीपीओ सापडते. ग्रंथीची नासधूस मुख्यतः पांढऱ्या पेशी करतात. अँटी-टीपीओ ही तिची खूण.

टीआरएबी या दुसऱ्या प्रतिपिंडाचे तसे नाही. ग्रेव्हज आजारात ते, थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाच्या जागी जाऊन बसते आणि ग्रंथीला सतत कामाला लावते. छाती धडधडते, वजन उतरते, हात थरथरतात.

वारसा

हे आजार स्त्रियांत जास्त आणि बऱ्याचदा घराण्यात असतात. ग्रेव्हज झालेल्या चिनी वंशाच्या रुग्णांत एचएलए-बीडब्ल्यू४६ ही जनुकीय खूण अधिक आढळते, असे सिंगापूरच्या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवले.

फक्त अँटी-टीपीओ वाढले तर

इंग्लंडमधील व्हिकहॅम येथे २० वर्षे चाललेल्या पाहणीत, टीएसएच नॉर्मल पण प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे २ टक्के जणींची थायरॉइड मंदावली. म्हणून टीएसएच वर्षातून एकदा तपासावे. थायरॉइड मंदावल्यावर द्यायच्या गोळीचा डोस टीएसएचवर ठरतो. अँटी-टीपीओ पुन्हा पुन्हा मोजून उपचार बदलत नाहीत. गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावी. कोपीचा (इथल्या कॉफीचा) पहिला घोट निदान अर्ध्या तासाने, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी.

गरोदरपणात

इथे मात्र टीआरएबीचा आकडा फार मोलाचा. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि बाळाची थायरॉइड चेतवू शकते. ग्रेव्हजसाठी आईची ग्रंथी काढली असली, तरी रक्तात टीआरएबी उरलेले असू शकते. सिंगापुरात बाळाच्या नाळेतल्या रक्तातून टीएसएच तपासतात, पण ती चाचणी प्रामुख्याने मंद थायरॉइड शोधण्यासाठी आहे. त्यामुळे ‘मला पूर्वी ग्रेव्हज होता’ हे आईने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. आज गोळी चालू नसली, तरीही.