दोन रंगांच्या पानांची तगर

वाचकहो, आपल्या जालना जिल्ह्यात अंगणात फुलझाड लावावे असे म्हटले की पहिला प्रश्न येतो पाण्याचा, आणि तो रास्तच आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या शेतकऱ्यांना वाळलेल्या मोसंबीच्या बागा आपल्याच हाताने तोडाव्या लागल्या. अशा मुलखात शोभेच्या झाडाला पाणी घाला, असे कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणून मी जे झाड सुचवणार आहे ते मुळे धरल्यावर बेताच्या पाण्यावर भागवणारे, बारा महिने पानांनी भरलेले, देवपूजेला फूल देणारे आणि शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत असे आहे. ते म्हणजे दोन रंगांच्या पानांची ठेंगणी तगर.

साधी तगर आपण सारेच ओळखतो. भिंगरीसारखे पाच पाकळ्यांचे पांढरे फूल, गर्द हिरवे पान आणि फांदी मोडली की पांढरा चीक. ती डोक्याच्या वर जाते. ही ठेंगणी जात मात्र दोन-तीन फुटांतच राहते आणि तिच्या पानांच्या कडेला पांढुरके, अनियमित पट्टे असतात. रोपवाटिकेत हिला ‘व्हेरिगेटेड तगर’ म्हणतात. एक खुलासा येथेच करतो. औषधाच्या दुकानात मिळणारा तगरगंठोडा हिमालयाकडच्या निराळ्याच वनस्पतीचा असतो. आपल्या तगरीचे मूळ त्याऐवजी घेऊ नये. हिचा चीक विषारी आहे. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि छाटणी झाल्यावर हात धुवावेत.

आता माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी अशी दोन रोपे आणून दारात लावली. दुसऱ्या पावसाळ्यात एका रोपाला जोमदार हिरवीगार फांदी फुटली. मी तिच्यावर खूश! म्हटले, झाडाने जीव धरला. वर्ष-दीड वर्षात ते सबंध झाड हिरवे झाले, पांढरे पान औषधालासुद्धा उरले नाही. मी तसाच तणतणत रोपवाटिकेत गेलो आणि त्या गृहस्थांना म्हणालो, “तुम्ही मला साधी तगर रंगीत म्हणून विकलीत!” ते शांतपणे म्हणाले, “सर, हिरवा फुटवा आला तेव्हा काढला होता का?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

काय होते पाहा. पानातले हरितद्रव्य म्हणजे झाडाची चूल. सूर्यप्रकाश घेऊन अन्न तयार होते ते तिच्यावर. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतेच, म्हणजे हे झाड अर्ध्या चुलीवर संसार करते. म्हणून ते सावकाश वाढते आणि आटोपशीर राहते. याच्या शेंड्यात पेशींचे थर असतात. त्यांतल्या एका थराची हरितद्रव्य करण्याची शक्ती गेलेली असते, दुसऱ्याची शाबूत असते. एखादा डोळा नुसत्या हिरव्या थरातून फुटला की निव्वळ हिरवी फांदी येते. तिची चूल पूर्ण पेटलेली! ती भराभर वाढते आणि शेजारच्या रंगीत फांद्यांना झाकून टाकते. म्हणून या झाडात जी फांदी सर्वांत धट्टीकट्टी दिसते, तीच बुडापासून काढायची. नुसता शेंडा खुडला तर खालून पुन्हा हिरवेच फुटते. अगदी पांढरी फांदी आली तर तीही काढावी. तिला स्वतःचे पोट भरता येत नाही.

आणखी एक गफलत होते. आपल्या काळ्या जमिनीत चुना फार. त्यामुळे लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात. हा रंग नव्हे, आजार आहे. ओळखायची खूण सोपी आहे. आजारात कोवळी पाने आधी पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खऱ्या रंगीत पानात पट्टे कसेही वेडेवाकडे असतात, एक पान दुसऱ्यासारखे नसते. आजार असेल तर भरपूर शेणखत द्यावे आणि बुडाशी पाणी साचू देऊ नये.

लागवड मृगाचा पाऊस चांगला झाल्यावर करावी. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात माती, कुजलेले शेणखत आणि वाळू किंवा बारीक मुरूम सारख्या प्रमाणात भरावा. काळ्या रानात वाफा थोडा उंच करावा. दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर ठेवावे. जागा सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल अशी पाहावी. वैशाखाच्या उन्हात पानांच्या पांढऱ्या कडा करपतात, आणि फार सावलीत फूल कमी येते. उन्हाळ्यात आळ्यावर सोयाबीनचा भुसा किंवा वाळका पालापाचोळा चार बोटे पसरला, तर आठवड्यातून दोनदा पाणी पुरते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते, कपडे धुण्याच्या सोड्याचे घालू नये.

नवी रोपे बियांपासून करू नयेत. रंग उतरेलच याचा भरवसा नाही. पावसाळ्यात दोन रंगांची पाने असलेली, ना कोवळी ना जून अशी वीतभर काडी घ्यावी. खालची पाने काढून चीक पाण्याने धुवावा आणि ती वाळूमिश्रित मातीत सावलीला खोचावी. माती ओलसर राहिली, तर महिना-दीड महिन्यात मुळ्या फुटतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यासाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. या झाडावर कधी कधी बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते. तिच्या मानेजवळ डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके असतात. तिच्यावर लगेच औषध फवारू नका. तळाशी माती घातलेल्या बरणीत तगरीच्या पाल्यासह ठेवा, तोंडाला जाळीचे फडके बांधा आणि पाला रोज बदला. कोष होऊन हिरव्या-गुलाबी छटांचा मोठा पतंग बाहेर पडतो. पुस्तकातला धडा मुलांना डोळ्यांनी पाहता येतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. शाळा सुटताना मुलांच्या बाटल्यांत घोट-दोन घोट पाणी उरतेच. ते वाटेवर न ओतता या झाडांच्या आळ्यात ओतायला सांगा. आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन मुलांना झाडे तपासायला लावा: हिरवा फुटवा आला आहे का? आला असेल तर तो का काढायचा, हे आधी त्यांनाच विचारा. मग कात्री हातात द्या.