गोठ्याची खातेवही

व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलास रोजमेळ वेगळा शिकवावा लागत नाही. तो त्याच्या कानावर आपोआप पडत असतो. माल काय भावाने आला, हमाली-तोलाई किती गेली, तूट किती बसली आणि तोच माल शेजारच्या पेढीने काय दराने उचलला, या चार गोष्टी ठाऊक नसतील तर गादीवर बसून उपयोग नाही. यांतील चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची. आपला भाव बरा की वाईट, हे केवळ आपल्या वहीवरून कधीच कळत नाही.

निपाणीचे नाव तंबाखूमुळे दूरवर गेले, हे खरे. परंतु आमच्यासारख्या भुसारी व्यापाऱ्याच्या दुकानातून दररोज जी पोती बाहेर पडतात, त्यांतील बरीच गोठ्याकडे जातात. सरकी पेंड, तूरचुनी, गव्हाचा भुसा, मक्याचा भरडा हा सारा माल दुधाच्या पैशावर विकला जातो. तंबाखूचा व उसाचा पैसा हंगामाला येतो. दुधाचे बिल मात्र थोड्या थोड्या दिवसांनी घरात येते, आणि आपली उधारी त्यातूनच फिटते. सबब गोठ्याच्या हिशेबाचा विषय आपल्या स्मरणिकेत परका मानू नये.

हा हिशेब आज कोण ठेवतो? गावोगावच्या दूध संस्था ठेवतात, असे आपण समजतो. कोगनोळी सोडून दूधगंगा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा लागतो. तेथे १९६३ साली जिल्हा दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला सर्वांच्या परिचयाचा ‘गोकुळ’, स्थापन झाला. दुधाचे माप, स्निग्धांश आणि त्यावरून दर, ही शिस्त सहकारी संस्थांनी खेड्यात नेली. हे उपकार लहान नव्हेत. तथापि संस्थेच्या वहीत नोंद होते ती घराची, जनावराची नव्हे. समजा, दोन घरे सारखेच आठ लिटर दूध घालतात. एका घरी ते एका गायीचे आहे, दुसऱ्या घरी दोन गायींचे. संस्थेच्या वहीत दोन्ही घरे समान! वस्तुतः दुसऱ्या घरी एका जास्तीच्या देहाचे पोषण चालले आहे. गायीला साधारण अडीच लिटरमागे व म्हशीला दोन लिटरमागे एक किलो खुराक, आणि शरीरपोषणासाठी वर किलो-दीड किलो, असा ढोबळ नियम जाणकार सांगतात. त्या मापाने पाहता एकाच्या घरी नफा व दुसऱ्याच्या घरी केवळ शेण उरते.

डेन्मार्क देशातील शेतकऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली. १८९५ साली व्हेयन या गावी त्यांनी एक मंडळी स्थापिली. तिचा पगारी मनुष्य घरोघर फिरून प्रत्येक गायीचे दूध तोली, त्यातील स्निग्धांश तपाशी आणि तिने काय खाल्ले ते टिपून ठेवी. मग सर्वांचे आकडे शेजारी शेजारी मांडले जात. पुढे ही चाल सर्व युरोपात पसरली व १९५१ साली तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय समितीही झाली. आयर्लंडमध्ये तर आता राष्ट्रीय पातळीवर एकत्रित गोखाते आहे. शेतकऱ्याला आपला कळप इतरांच्या मानाने कोठे उभा आहे, हे त्यातून दिसते.

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पशुनोंदीची संगणकीय व्यवस्था उभारली. जनावराच्या कानातील पिवळा बिल्ला व त्यावरील १२ अंकी क्रमांक आता खेड्यातील पोरासही ठाऊक आहे. २०१९ च्या सप्टेंबरात मथुरेहून लाळ-खुरकुत निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तिच्यासोबत हा बिल्ला घरोघर पोहोचला. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, तेही याच नोंदीशी जोडून.

परंतु खरी मेख येथेच आहे. क्रमांक वर गेला, लस वर गेली, रेतनाची तारीख वर गेली. खाली काय परत आले? शेतकऱ्याच्या लेखी बिल्ला म्हणजे अनुदानाचे तिकीट होऊन बसला. माझी म्हैस किती महिन्यांनी पुन्हा व्याली आणि तशाच वैरणीवर शेजारच्या गावातील म्हशी किती महिन्यांनी व्याल्या, हे त्यास कोणी सांगत नाही.

जेथे आकडे परत आले, तेथे काय घडते हे राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात (२०११-१२ ते २०१८-१९) दिसले. गावातीलच शिकलेला मनुष्य टेपने जनावराच्या छातीचा घेर मोजून वजन काढी, दूध व वैरण तोली, आणि स्थानिक मालातूनच सर्वांत स्वस्त व समतोल आहार कोणता, ते संगणकावरून घरधन्यास सांगे. दुधाचा खर्च उतरला आणि दर लिटरमागे जनावराच्या पोटातून हवेत जाणारा मिथेन वायूही घटला, असे मंडळाने नोंदविले आहे. आपल्या भागात तर याची निकड अधिक आहे. साखर हंगामात येथे जनावरे उसाच्या वाड्यावर जगतात. वाड्यातील ऑक्झॅलेट शरीरातील चुना बांधून ठेवते. मग धनी पेंडीचे पोते वाढवितो, आणि हवे असते ते क्षारमिश्रण! पोते खपले म्हणून आपण संतोष मानावा काय? ज्याचा गोठा तोट्यात, त्याची उधारी बुडीत, हे आपल्यापैकी कोणास सांगावयास हवे?

आकडे सांगण्यास शेतकरी भितो, आणि त्याचे भय अगदीच निराधार नाही. जनावरांच्या बाजारात आजही हेडे उपरण्याखाली बोटे धरून सौदा करतात, आणि विकणारा आदल्या वेळची धार न काढता कास तुंबवून आणतो. धान्याच्या बाजारातही एके काळी सौदे रुमालाखालीच होत. मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमाल बाजारांचा कायदा झाला आणि नियंत्रित बाजारपेठांनी ती चाल मोडून उघड लिलाव आणला. तेव्हा व्यापार बुडेल, अशी ओरड झालीच असणार. व्यापार चालूच आहे. मात्र गोठ्याचे आकडे सावकाराच्या किंवा खाद्य-कंपनीच्या हाती नावानिशी पडू नयेत. तुलनेसाठी नाव लागत नाही. जात, वेत, वैरण आणि पाण्याची सोय एवढे पुरते.

आणखी एक गोष्ट परदेशी मापात बसत नाही, आणि आपल्या समाजास ती टाळता येणार नाही. तिकडे कमी दुधाची गाय यादीत खाली गेली की कळपातून जाते, आणि कोठे जाते ते आपण जाणतो. महाराष्ट्रात २०१५ पासून व कर्नाटकात २०२१ पासून गोवंशहत्येस कडक बंदी आहे. आपल्या धर्मबुद्धीस तर ती पूर्वीपासूनच आहे. म्हणजे भाकड गाय दावणीलाच राहते, नाहीतर पांजरपोळात जाते, आणि तिचा चारा कोणाच्या तरी खात्यावर पडतोच. तेव्हा केवळ दुभत्या जनावरांची सरासरी काढून गोठा उत्तम ठरविणे म्हणजे बुडीत येणे वगळून नफा दाखविण्यासारखे आहे. माप संपूर्ण दावणीचे हवे: दुभती, भाकड, कालवडी, गोऱ्हे सर्व धरून, शेणखत व गोबरगॅस जमेस घेऊन. तसे मोजले तर गाय किती वेते टिकली, हा आकडा तिच्या एका दिवसाच्या दुधापेक्षा मोठा ठरेल. आणि आमची पंढरपुरी म्हैस, कमी खाऊन काटक राहणारी, त्या यादीत बरीच वर येईल असे मला वाटते.

आपल्या हाती काय आहे? दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक पोत्यासोबत माल, वजन व दर लिहिलेली स्वच्छ पावती द्यावी. पुष्कळ ठिकाणी अजून नुसता ‘पेंड, दोन पोती’ असा शेरा असतो. ही पावती दूध संस्थेच्या बिलाशेजारी टाचली की त्या बिलाच्या मुदतीतील जमा आणि खर्च एका पानावर येतात. गावातील आठ-दहा घरांनी ती पाने, नावे झाकून, महिन्यातून एकदा संस्थेच्या कट्ट्यावर मांडावी. त्यास संगणकही लागत नाही.