दुचाकी घेऊन रूळ ओलांडताना

गगनबावड्याला रेल्वे नाही. करूळ घाट उतरून वैभववाडीला गेलं की कोकण रेल्वे लागते, नाहीतर थेट कोल्हापूर. रुळांची सवय नसलेला माणूस मग बाकीचे जातात तिथूनच गाडी घालतो. पण पायवाट पडली म्हणून ती वाट कायदेशीर होत नाही.

फाटक नसलेल्या जागी रूळ ओलांडणं म्हणजे रेल्वेच्या हद्दीत घुसखोरी. रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 147 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘इंजिन बंद होतं, ढकलत नेत होतो’ ही सबब चालत नाही. चालत जाणाऱ्यालाही हेच कलम लागतं. बंद फाटक स्वतः उघडलं तर कलम 160, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद. फाटकाखालून गाडी आडवी करून सरकवणारे बहाद्दर तर रोजचेच!

रखवालदार नसलेल्या फाटकासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 131 आहे: गाडी थांबवा, सोबत कुणी नसेल तर स्वतः उतरा, दोन्ही बाजू बघा, मगच पुढे. ब्रॉडगेजवरची अशी फाटकं 2019 च्या सुरुवातीपर्यंत काढली गेली, पण खाजगी साइडिंगवर हीच सवय उपयोगी पडते.

रुळालगतच्या खाचेत दुचाकीचं चाक तिरकं गेलं की अडकतं. पावसात ओला रूळ तर साबणासारखा. म्हणून काटकोनात, हळू, पण न थांबता जा. गाडी अडकलीच तर ती तिथंच सोडा, आधी स्वतः बाजूला व्हा आणि फाटकवाल्याला कळवा.