चौकोनी आस आणि समाईक समुद्र

सुताची व सणाची जाळी सालीच्या काढ्यात रंगवून रोज किनाऱ्यावर वाळत घातली, तरी ती अखेर कुजतच. म्हणून न कुजणारा नायलॉनचा धागा हाती येताच आपल्या कोळीवाड्यांनी तो कोणाच्या उपदेशाची वाट न पाहता स्वीकारला. मात्र त्याच जाळ्याचा आस, म्हणजे विणीतील भोक, बदलावा, ही शास्त्रज्ञांची सूचना तितक्या सहजतेने पचनी पडली नाही. आणि या भेदाचे कारण मच्छीमारांच्या अज्ञानात शोधणे हा त्यांच्यावर उघड अन्याय होय.

ट्रॉल जाळ्याच्या शेवटी ज्या पिशवीत मासळी साठते, तिला खोला म्हणतात. नेहमीच्या खोल्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो; बोट जाळे ओढू लागली आणि मासळीचे ओझे वाढत गेले, की ताणामुळे तो लांबट होतो, त्याच्या बाजू एकमेकींस भिडू लागतात, आणि मापात पुरेसे भरलेले भोक पाण्यात जवळजवळ मिटून जाते. तेच विणकाम पंचेचाळीस अंशांनी वळवून जोडले, तर उभे धागे सारा ताण सोसतात, आडवे धागे त्यांच्यातील अंतर राखतात, आणि उघड्या राहिलेल्या चौकोनांतून बारीक पिल्ले निसटून जातात.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने चाललेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पात, मालवणच्या ट्रॉलरधारकांनी अशी चौकोनी आसाची जाळी वापरून पाहिली. पाणी खोल्यातून मोकळेपणी वाहिल्याने ओढ हलकी होते व डिझेल वाचते; निरुपयोगी मासळी कमी आल्याने खलाशांचे निवडण्याचे श्रमही वाचतात.

परंतु निसटणाऱ्या मासळीत थोडीफार विकाऊ मासळीही असते. तिचा तोटा आजच्या आज बोटीच्या प्रमुखाच्या, म्हणजे तांडेलाच्या पदरी पडतो, आणि ती वाढून मोठी झाल्यावर शेजारच्या बंदरातील बोटीच्या जाळ्यात शिरू शकते. नायलॉनचा नफा ज्याचा त्याला मिळत होता. चौकोनी आसाचा मोठा नफा मात्र समाईक आहे, म्हणून तो एकट्यादुकट्याने स्वीकारण्याजोगा नाही. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा गुन्हेगारास दंड करू शकतो, परंतु केवळ दंडाच्या धाकाने परस्परविश्वास उत्पन्न होत नाही. सबंध बंदराने एकाच हंगामात खोले बदलावेत, त्याची देखरेख मच्छीमार सहकारी संस्थेने करावी आणि पहिल्या हंगामाची तूट सरकारी खजिन्याने सोसावी. इतके झाले, तर ही सुधारणा स्वीकारण्याइतका व्यवहार आमच्या तांडेलांना निश्चित कळतो.