रेतीत राहणारी तिसरी

वसई तालुक्यातील आगाशी हे गाव सुकेळ्यांसाठी आणि पानवेलींच्या बागांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा नवा जिल्हा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आले. गावापासून जवळच अर्नाळ्याचा समुद्रकिनारा आहे. उत्तरेस वैतरणा नदीची रुंद खाडी समुद्रास मिळते आणि तिच्या मुखाशी, एका बेटावर, अर्नाळ्याचा किल्ला उभा आहे.

अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते. भरतीचे पाणी जितके वर चढते, तितकेच ओहोटीचे पाणी दूरवर मागे हटते. अशा ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी रेतीची आणि चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. वरवर पाहणाऱ्यास तेथे जिवंत असे काहीच दिसत नाही. परंतु किनाऱ्यावरील स्त्रिया टोपल्या घेऊन त्या ओल्या रेतीत उतरतात. रेतीवरील एखादे बारीकसे छिद्र त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तेथे विळ्याने किंवा लोखंडी सळईने उकरले, की चार बोटे खोलीवर एक घट्ट मिटलेला, गुळगुळीत शिंपला हाती लागतो. हीच तिसरी. कोणी तिला शिवली म्हणतात. दक्षिण कोकणात आणि गोव्यात जातीनुसार खुबे, मुळे अशीही नावे आहेत.

तिसरी हा मृदुकाय वर्गातील प्राणी होय. मृदुकाय म्हणजे ज्याचे शरीर मऊ आहे असा. गोगलगाय, शंखातील किडा, माकूल हे सर्व तिचे दूरचे नातलग आणि कालव हा जवळचा. मऊ शरीराला शत्रूंपासून धोका फार; म्हणून निसर्गाने तिला दोन शिंपल्यांचे घर दिले आहे. हे घर कोणी बाहेरून आणून दिलेले नसते. तिसरीच्या अंगाभोवती एक पातळ पडदा असतो. समुद्राच्या पाण्यातील चुन्याचा अंश घेऊन तो पडदा शिंपला तयार करतो आणि तिसरी वाढेल तसतसा त्याच्या कडेला नवा थर चढवीत जातो. शिंपल्याच्या पाठीवर ज्या अर्धवर्तुळाकार रेषा दिसतात, त्या या वाढीच्या खुणा होत. झाडाच्या खोडातील वलयांवरून जसे त्याचे वय कळते, तसे काही जातींच्या शिंपल्यांवरूनही कळते. २००६ साली आइसलँडजवळच्या थंड समुद्रातून काढलेल्या एका शिंपल्याची वलये शास्त्रज्ञांनी मोजली, तेव्हा त्या प्राण्याचे वय ५०७ वर्षे भरले. आपल्याकडील तिसरीला मात्र असे दीर्घायुष्य लाभत नाही. तिचे आयुष्य थोड्या वर्षांचेच असते.

दोन्ही शिंपले एका बाजूस चिवट बिजागरीने जोडलेले असतात. या बिजागरीचा स्वभाव शिंपले उघडण्याचा आहे. ते मिटून धरण्याचे काम आतील दोन बळकट स्नायू करतात. संकटाची चाहूल लागताच स्नायू आखडतात आणि घराचे दार बंद होते. तिसरी मेली, की स्नायू सैल पडतात व बिजागरीच्या ओढीने शिंपले आपोआप उघडतात. म्हणूनच जाणत्या गृहिणी बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांपैकी ज्यांची तोंडे आधीच उघडी आहेत व हात लावूनही मिटत नाहीत, त्या टाकून देतात.

तिसरीला डोके नाही, डोळे नाहीत, दातही नाहीत. तिला एकच पाय असतो, आणि तोही चालण्यापेक्षा खणण्याच्या कामाचा. पाचरीसारखा हा मांसल पाय ती रेतीत खुपसते, त्याचे टोक फुगवून नांगरासारखे रुतवते आणि मग पाय आखडून सारे अंग खाली ओढून घेते. असे चार-दोन वेळा केले, की ती रेतीआड दिसेनाशी होते.

मग रेतीत पुरलेला हा प्राणी श्वास कसा घेतो आणि खातो काय? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. भरतीचे पाणी वर आले, की तिसरी आपल्या दोन आखूड नळ्या रेतीच्या पृष्ठभागापर्यंत वर करते. एका नळीने पाणी आत येते, दुसरीने बाहेर जाते. आत तिचे कल्ले असतात. त्यांवरील असंख्य सूक्ष्म केस एकसारखे हालत राहतात व त्यामुळे पाण्याचा प्रवाह चालू राहतो. कल्ले पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात आणि पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व कुजलेल्या पदार्थांचे कण गाळून तोंडाकडे पोचवतात. जे कण नको असतात, ते चिकट द्रवात गुंडाळून ती बाहेर टाकते. चांगली वाढलेली तिसरी तासाभरात लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी अशा रीतीने गाळते. खाडीच्या तळाशी अशा हजारो तिसऱ्या असतील, तर दिवसाकाठी किती पाणी निवळत असेल याचा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने करून पाहावा. पाणी निवळले, की सूर्यप्रकाश खोलवर पोचतो आणि तळच्या वनस्पती वाढतात. त्यांच्या आधाराने माशांची पिल्ले जगतात. अशा प्रकारे तिसरी ही खाडीची मूक सफाईकामगार आहे.

तिसऱ्यांमध्ये नर व मादी वेगवेगळे असतात. योग्य वेळ येताच ती आपली बीजे पाण्यात सोडतात. त्यांतून डोळ्यांना न दिसणारी पिल्ले जन्मतात व काही दिवस पाण्याबरोबर वाहत राहतात. त्यांपैकी बहुतेक माशांच्या तोंडी पडतात. जी वाचतात, ती चांगली जागा पाहून तळाशी बसतात आणि रेतीत घर करतात. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतील तिसऱ्यांच्या या प्रजननाचा अभ्यास नागभूषणम् आणि माने या दोन शास्त्रज्ञांनी केला व १९७५ साली तो प्रसिद्ध झाला.

पावसाळा हा तिसरीच्या कसोटीचा काळ असतो. नदीला पूर आला, की खाडीचे खारे पाणी गोडे होऊ लागते. अशा वेळी ती शिंपले घट्ट मिटून घेते आणि पाणी पुन्हा खारे होण्याची वाट पाहते. पूर लवकर ओसरला तर ती वाचते. फार काळ टिकला तर पुष्कळ तिसऱ्या मरतात.

तिसरीला शत्रूही अनेक आहेत. किनाऱ्यावर पडलेल्या रिकाम्या शिंपल्यांत पुष्कळदा एक सुबक, वाटोळे छिद्र आढळते. मुले अशा शिंपल्यांत दोरा ओवून माळा करतात. ते छिद्र रेतीत फिरणाऱ्या एका मांसाहारी गोगलगायीने पाडलेले असते. ती आपल्या खरबरीत जिभेने शिंपला पोखरते आणि आतील मांस खाते. खेकडे शिंपले फोडतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा कालवफोड्या हा काळा-पांढरा पक्षी आपली लांब, तांबडी चोच शिंपल्यांच्या फटीत घालून ते उघडतो. म्हणजे तिसऱ्या नाहीशा झाल्या, तर या सर्वांचे अन्न नाहीसे होईल.

माणसालाही तिसरीचा उपयोग फार. तिचे मांस पौष्टिक असते. सकाळच्या बाजारात तिसऱ्यांचे वाटे मांडून बसलेल्या स्त्रियांचा संसार त्यांवर चालतो. रिकामे शिंपले भाजून चुना करण्याची रीत कोकणात जुनी आहे. सोळाव्या शतकात आगाशी हे जहाजबांधणीचे बंदर होते. जहाजाच्या लाकडाचा मोठा वैरी म्हणजे जहाजकिडा. नावाने तो किडा असला, तरी खरोखर तो दोन शिंपल्यांचाच प्राणी, म्हणजे तिसरीचाच भाऊबंद आहे! आपल्या लहानशा शिंपल्यांनी तो लाकूड कोरत जातो. त्याच्यापासून बचाव व्हावा, म्हणून भारतीय कारागीर जहाजाच्या तळाला चुना व तेल यांचा लेप देत असत. एका शिंपल्याने केलेले नुकसान दुसऱ्या शिंपल्याच्या चुन्याने टाळावे, असा हा योग होता.

पाणी गाळण्याचा जो गुण खाडीला उपकारक ठरतो, तोच कधी घातकही होतो. पाण्यात सांडपाणी, रसायने किंवा विषारी सूक्ष्म वनस्पती असल्या, तर तिसरी तेही आत घेते आणि ते तिच्या अंगात साठते. १९८३ साली मंगळूरच्या परिसरात तिसऱ्या खाल्ल्यामुळे विषबाधा झाली होती. सर्वच विषे शिजवल्याने नाहीशी होत नाहीत. म्हणून घाणेरड्या पाण्यातील तिसऱ्या कधीही खाऊ नयेत. यात दोष तिसरीचा नाही. माणसाने पाण्यात जे सोडले, तेच ती त्याला परत करते.

तिसऱ्यांचे भांडार अक्षय आहे असे समजणे चुकीचे ठरेल. केरळातील अष्टमुडी सरोवरात १९८१ च्या सुमारास तिसऱ्यांची मासेमारी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. १९९१ साली वर्षाचे उत्पन्न १०,००० टनांपर्यंत गेले. परंतु बेसुमार उपशामुळे १९९३ पर्यंत ते निम्म्यावर आले. मग तेथील लोकांनी व सरकारने नियम घातले. प्रजननाच्या काळात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, तिसऱ्या काढावयाच्या नाहीत. लहान तिसऱ्या सुटून जातील अशीच जाळी वापरावयाची. यंत्रे लावावयाची नाहीत. काही वर्षांत उत्पन्न पुन्हा वाढले आणि २०१४ साली या मासेमारीला, ती निसर्गास बाधक नाही, असे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. असा मान मिळवणारी ती भारतातील पहिलीच मासेमारी होती. पुढे मात्र सरोवराचे पाणी बिघडत गेले आणि तिसऱ्यांचे उत्पन्न पुन्हा घटू लागले. तेव्हा सरोवरात तिसऱ्यांची पिल्ले सोडण्याचे काम शास्त्रज्ञांना हाती घ्यावे लागले. या उदाहरणावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. काढणाऱ्याने संयम पाळला, तर तिसऱ्या पुन्हा वाढतात. परंतु पाणी स्वच्छ राहिले नाही, तर केवळ संयम पुरा पडत नाही.

वैतरणेच्या खाडीलाही हे दोन्ही नियम लागू आहेत. तिसरीचे घर रेतीत आहे. तळाची रेती उपसली, की तिचे घरच उपसले जाते. वसई-विरार ही शहरे झपाट्याने वाढली आहेत. त्यांच्या घरांना रेती हवी असते आणि त्यांचे सांडपाणी कोठेतरी जावे लागते. शहरे वाढू नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु रेती किती व कोठून काढावी आणि सांडपाणी शुद्ध केल्यावाचून खाडीत सोडावे की नाही, हे ठरविणे माणसाच्या हाती आहे.

रेती उकरणाऱ्या अनुभवी स्त्रिया टोपलीत आलेली बारीक तिसरी पुन्हा ओल्या रेतीत टाकून देतात. पुढच्या हंगामात तीच मोठी होऊन आपल्याला मिळेल, हे त्यांना ठाऊक असते. समुद्राकडून आपल्याला जेवढे हवे तेवढेच घ्यावे आणि उद्यासाठी काही राखून ठेवावे, हा धडा त्यांच्या या साध्या कृतीत आहे.