शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच?

शौचातून रक्त पडलं की घरच्या घरी निदान तयार असतं. उष्णता वाढली, मूळव्याध झाली, ताक पी आणि तिखट बंद कर. बऱ्याचदा मूळव्याध असतेही. तेव्हा लालभडक रक्त शेवटी थेंबथेंब पडतं. पण रक्तासोबत आव पडत असेल, दिवसातून सात-आठदा धावावं लागत असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर अल्सरेटिव्ह कोलायटिसची शंका घ्यायला हवी. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण होतात. क्रोन्स हा त्याचाच भाऊबंद. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त. दोन्हींना मिळून आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) म्हणतात.

नाव मिळतंजुळतं असलं तरी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) वेगळा. त्यात पोट बिघडतं, पण आतड्याला जखम नसते. रक्त, घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब ही आयबीएसची लक्षणं नव्हेत. कॅलप्रोटेक्टिन या शौचाच्या तपासणीत सूज कळते. निदान पक्कं होतं ते कोलोनोस्कोपी आणि बायॉप्सीने.

तेही नेहमी नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, जागाही तीच धरतो. म्हणून काही रुग्णांना आधी क्षयाची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. 'डॉक्टरांनाच कळत नाहीये' असं नातेवाइकांना वाटतं. पण क्षय असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर क्षय अंगभर पसरू शकतो. इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात ती याचसाठी.

सगळ्यात महागात पडतो तो 'आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?' हा हिशेब. रक्त थांबलं तरी आतली सूज शिल्लक असू शकते. मेसालामाइन हे औषध चालू ठेवायचं ते कोलायटिस पुन्हा उसळू नये म्हणून. याच्या अगदी उलट गोष्ट स्टेरॉइडची. ते भडका शमवायला, ठरावीक काळापुरतं, आणि डोस हळूहळू उतरवत थांबवायचं असतं. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर आणायचं ते औषध नव्हे.

तिखटाने त्रास वाढेल, आजार होत नाही. दूध, गहू, कडधान्यं सरसकट बंद करणारा रुग्ण उपासानेच खंगतो. भडक्यात मऊ भात आणि मुगाचं वरण ठीक; एरवी नेहमीचं जेवण. सिगारेट मात्र क्रोन्समध्ये सोडायलाच हवी.

मुलीला हा आजार असला की घरचे मूल होण्याची काळजी करतात. आजार काही महिने शांत असताना दिवस राहिले तर गर्भारपण बहुधा सुरळीत पार पडतं. बहुतेक औषधं तेव्हाही चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट मात्र काही महिने आधीच थांबवावं लागतं.